विश्लेषण : बॉलिंगचा बॉल किती पौंडांचा घ्यावा? वेग आणि नियंत्रणाचे गणित काय?

मुंबई-पुण्यातील मॉलमध्ये शनिवार-रविवारी बॉलिंगच्या लेनसमोर रांग लागते. बूट बदलून झाले, की प्रत्येक जण रॅककडे वळतो. तिथे रंगीबेरंगी बॉल ओळीने मांडलेले असतात आणि त्यांवर ६, ८, १०, १२ असे आकडे असतात. कुणी रंग पाहून बॉल उचलतो. कुणी आधीच्या खेळाडूने ठेवलेलाच घेतो. मित्रांच्या टोळक्यात मात्र सर्वांत जड बॉल कोण टाकतो, याची चढाओढ सुरू होते. पहिला गेम हसतखेळत जातो. दुसऱ्या गेमच्या मध्यावर मनगट भरून येते, अंगठा लाल होतो आणि बॉल गटरमध्ये जाऊ लागतो. टेनपिन बॉलिंगमध्ये खेळाडूला खेळ सुरू होण्याआधी घ्यावा लागणारा सर्वांत महत्त्वाचा निर्णय बॉलच्या वजनाचा असतो. आपल्याकडे तो बहुधा दहा सेकंदांत उरकला जातो.

बॉलवरचा आकडा काय सांगतो?

तो आकडा म्हणजे पौंडांतले वजन. बोटांचा किंवा बॉलचा आकार त्यातून कळत नाही. १ पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. त्यामुळे ६ पौंडी बॉल पावणेतीन किलोच्या आत, १० पौंडी साडेचार किलोचा, १२ पौंडी जवळपास साडेपाच किलोचा आणि १६ पौंडी ७.२६ किलोचा भरतो. १६ ही नियमाने ठरलेली कमाल मर्यादा आहे. पुरुषांच्या गोळाफेकीतील गोळाही बरोबर ७.२६ किलोचाच असतो. बॉलिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येते. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे १६ पौंडी बॉल हातात घेणे म्हणजे असे ४५ चेंडू एका हाताने पेलण्यासारखे आहे. किमान वजनाची अट मात्र नियमांत नाही.

सगळ्या बॉलचा बाहेरचा आकार जवळपास सारखाच असतो. व्यास साडेआठ इंचांच्या किंचित वर, म्हणजे २१.६ ते २१.८ सेंटिमीटर. वजनातला फरक येतो तो आतल्या भरावामुळे. याचा एक गमतीदार परिणाम असा, की १० पौंडी बॉल पाण्यात टाकला तर तरंगतो आणि १४ पौंडी बुडतो. १२ पौंडी बॉल अगदी सीमेवर असतो, कारण एवढ्या आकाराचा बॉल साधारण ५.३ ते ५.४ किलो पाणी बाजूला सारतो. हलका आणि जड बॉल दिसायला सारखे असले तरी पिनवर आदळल्यावर ते वेगळे का वागतात, याचे मूळ या भरावात आहे.

जड बॉलचा फायदा नेमका कोणता?

‘जोर जास्त लागतो’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. एका पिनचे वजन साधारण साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या थोडे वर असते. दहा पिन त्रिकोणात मांडलेल्या असतात आणि शेजारच्या दोन पिनच्या केंद्रांमधले अंतर १२ इंच असते. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत, म्हणजे ‘पॉकेट’मध्ये अचूक शिरला, तर आदर्श स्ट्राइकमध्ये तो स्वत: फक्त चार पिनना लागतो : १, ३, ५ आणि ९ क्रमांकाच्या. बाकीच्या सहा पिन एकमेकींना पाडतात. पहिली दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला, तिसरी सहावीला, सहावी दहावीला आणि पाचवी आठवीला. डावखुऱ्यांसाठी हेच चित्र उलट होते.

म्हणजे स्ट्राइकसाठी बॉलने पहिल्या पिनला धडकल्यानंतरही आपली वाट फारशी न सोडता आत घुसत राहणे गरजेचे असते. पहिल्याच धडकेत तो बाजूला ढळला तर पाचव्या पिनपर्यंत पोहोचत नाही. मधोमध एकटी उभी राहिलेली पाचवी पिन पाहून खेळाडू नशिबाला दोष देतो, पण अनेकदा तो दोष हलक्या बॉलचा असतो.

ही ढळण्याची मर्यादा शाळेतल्या भौतिकशास्त्रातून काढता येते. आदर्श टक्कर गृहीत धरली तर चालत्या वस्तूची दिशा जास्तीत जास्त किती अंशांनी वळेल, हे दोन्ही वस्तूंच्या वजनांच्या गुणोत्तरावरून ठरते. साडेतीन पौंडी पिनवर ६ पौंडी बॉल आदळला तर तो कमाल ३६ अंशांपर्यंत वळू शकतो. ८ पौंडी बॉलसाठी हा कोन २६ अंश, १० पौंडीसाठी साधारण साडेवीस, १२ पौंडीसाठी १७, १४ पौंडीसाठी साडेचौदा, १५ पौंडीसाठी साडेतेरा आणि १६ पौंडीसाठी साडेबारा अंशांच्या आसपास येतो. प्रत्यक्ष लेनवर घर्षण आणि बॉलची फिरकी असते, त्यामुळे आकडे तंतोतंत असेच येत नाहीत. पण त्यांचा कल बोलका आहे.

८ वरून १२ पौंडांवर गेले की ढळण्याची मर्यादा तब्बल ९ अंशांनी घटते. १२ वरून १६ वर जाताना तेवढेच चार पौंड वाढतात, फायदा मात्र निम्म्याहून कमी मिळतो. १४ वरून १६ वर गेल्यास तो जेमतेम दोन अंशांचा उरतो. धडधाकट प्रौढाने ८ पौंडी बॉलवर अडकून राहू नये. तसेच शेवटच्या दोन पौंडांसाठी हात तोडून घेण्यातही अर्थ नाही. वजनाविषयीची पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

वेग वाढवून हलक्या बॉलची कसर भरून निघते का?

काही अंशी निघते. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ पौंडी बॉल ताशी २७ किलोमीटर वेगाने गेला, तर त्याची ऊर्जा ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १५ पौंडी बॉलएवढीच, सुमारे १५० ज्यूल भरते. एवढेच पाहिले तर हलका बॉल जोरात टाकणे हा सोपा उपाय वाटेल. पण संवेग, म्हणजे वजन आणि वेग यांचा गुणाकार, पाहिला तर १५ पौंडी बॉल ११ टक्क्यांनी पुढे राहतो. त्याची बरोबरी करायला १२ पौंडी बॉल ताशी ३० किलोमीटरने टाकावा लागेल.

शिवाय वर दिलेल्या कोनाच्या गणितात वेगाला स्थानच नाही. आदर्श टकरीत बॉल त्याच जागी आणि त्याच दिशेने आदळला, तर वेग दुप्पट केला तरी तो तितकाच ढळतो. पिन जोरात उडतात, आवाज मोठा होतो, पण बॉल आपली वाट जास्त धरून ठेवत नाही. उलट वेग फार वाढला तर बॉलला लेनवर पकड घेऊन गोल फिरत पुढे जायला वेळच मिळत नाही. तो घसरत जातो आणि पिनपाशी पोहोचल्यावर सहज बाजूला फेकला जातो.

फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर अंतर असते आणि बॉल ते सव्वादोन-अडीच सेकंदांत कापतो. लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा थर असतो, शेवटचा भाग कोरडा असतो. तेलावर बॉल घसरतो आणि कोरड्या भागात त्याची पकड बसून तो आत वळतो. हातातून सुटताना असलेला वेग पिनपर्यंत जाईतो बराच कमी होतो. प्रशिक्षक साधारणपणे पडद्यावर ताशी १६ ते १८ मैल, म्हणजे २६ ते २९ किलोमीटर दिसणारा वेग पुरेसा मानतात. मॉलमध्ये डोक्यावरच्या पडद्यावर वेगाचा आकडा झळकतो आणि तो वाढवण्यासाठीच बॉल भिरकावले जातात. गुणफलकावर मात्र त्या आकड्याला काहीच गुण मिळत नाहीत.

मग सर्वांनी १६ पौंडीच का घेऊ नये?

कारण अचूकतेची जागा फार लहान आहे. हाताची दिशा फक्त एका अंशाने चुकली तर ६० फुटांवर बॉल ३२ सेंटिमीटर बाजूला जातो. दोन पिनमधले अंतर साडेतीस सेंटिमीटर आहे. म्हणजे एका अंशाची चूक झाली, की नेम अख्खी एक पिन सोडून पुढे गेला. अर्ध्या अंशाची चूकही पॉकेट हुकवायला पुरेशी असते. जड बॉलमुळे टकरीत वाचणारे एक-दोन अंश हाताच्या एका अंशाच्या चुकीपुढे किरकोळ ठरतात, कारण बॉल पॉकेटमध्ये पोहोचलाच नाही तर तो किती कमी ढळतो याचा उपयोग काय?

हाताची दिशा कशाने बिघडते? इथे लंबकाची जुनी गोष्ट कामी येते. झोके घेणाऱ्या लंबकाला एका फेरीला किती वेळ लागतो, हे त्याच्या लांबीवर ठरते, टांगलेल्या वजनावर नाही. बॉलिंगमध्ये खांदा ही खुंटी, हात ही दोरी आणि बॉल हे वजन. हात सैल सोडून बॉल मागे खांद्याच्या उंचीपर्यंत नेला आणि तिथून त्याला नुसता पडू दिला, तरी खाली येईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे त्याला ताशी साधारण १४ किलोमीटर वेग मिळतो. मग बॉल १० पौंडी असो वा १५. त्यात पावलांचा वेग मिळतो आणि उरलेला थोडासा जोर शरीर लावते. म्हणून अनुभवी खेळाडू बॉल फेकतो असे वाटत नाही. तो हाताला झोका घेऊ देतो.

बॉल पेलवत नसेल तर हा झोका मोडतो. कोपर वाकते, खांदा खाली झुकतो, मनगट मागे पडते आणि बॉल खेचण्यासाठी स्नायू मध्ये येतात. स्नायूंचा जोर प्रत्येक वेळी सारखा नसतो. दिशा तिथे हुकते आणि वेगही घटतो. जड बॉल संथ जातो यामागे त्याचे वजन हे थेट कारण नसते. त्या वजनाच्या भीतीने झोका आखूड होतो, हे खरे कारण असते. फार हलक्या बॉलचा धोका याच्या उलट आहे. तो इतका सहज उचलला जातो की झोक्याची वाट पाहण्याइतका धीर हाताला राहत नाही. हात त्याला खेचतो, बॉल शरीराला आडवा जातो किंवा हवेतून जाऊन लेनवर धपकन आपटतो. हातात वजन जाणवणे हीसुद्धा नियंत्रणाची गरज आहे.

व्यावसायिक खेळाडू जड बॉलपासून दूर का गेले?

न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली अमेरिकन बॉलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि खेळाचे नियम एकसारखे झाले. पुढची कितीतरी दशके गंभीर पुरुष खेळाडूचा बॉल १६ पौंडीच, असे समीकरण होते. लाकडी बॉल जाऊन रबराचे आले, मग प्लास्टिकचे आले. या बॉलची लेनवरची पकड कमी होती. बॉल फारसा वळत नसल्याने पिन पाडायला वजनाचा आधार घ्यावा लागे.

चित्र बदलले ते १९८० च्या दशकात युरेथेनचे आणि १९९० च्या सुरुवातीला ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन’चे आवरण आले तेव्हा. हे आवरण कोरड्या लेनवर घट्ट पकड घेते आणि बॉल शेवटच्या टप्प्यात झपकन वळतो. आतल्या भरावाचा, म्हणजे ‘कोअर’चा आकारही हिशोबाने बनवला जाऊ लागला. पॉकेटमध्ये साधारण ६ अंशांच्या कोनातून शिरणारा बॉल स्ट्राइकसाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. सरळ टाकलेल्या बॉलला लेनच्या अगदी कडेवरून सोडले तरी दीड अंशाच्या आसपासच कोन मिळतो, कारण लेन जेमतेम १.०५ मीटर रुंद असते. नव्या बॉलने हा कोन मिळवून दिला आणि एक पौंड जास्त वजनाची निकड उरली नाही. आज व्यावसायिक स्पर्धांत १५ पौंडी बॉल सर्रास दिसतो. १४ पौंडी बॉल वापरणाऱ्यांकडेही कुणी भुवया उंचावून पाहत नाही. या खेळाडूंना एका दिवसात डझनभर गेम खेळावे लागतात, हेही त्यामागचे कारण आहेच.

मॉलमधल्या हौशी खेळाडूच्या हातात मात्र तो सरळ जाणारा प्लास्टिकचा बॉल असतो. त्यामुळे व्यावसायिकांनी वजन उतरवले म्हणून आपणही ८ पौंडीवर समाधान मानावे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

‘शरीराच्या वजनाच्या दहा टक्के’ हा नियम कितपत खरा?

हा ठोकताळा जगभर सांगितला जातो. ७० किलोच्या माणसाला ७ किलोचा, म्हणजे १५ पौंडांच्या वरचा बॉल, असा त्याचा हिशोब आहे. सुरुवातीला रॅकसमोर उभे राहताना एक आकडा मनात असावा, एवढ्यापुरता तो ठीक. त्यापुढे त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शरीराचे वजन पोटात असू शकते, बॉल पेलतो तो खांदा, मनगट आणि पकड. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा ९० किलोचा माणूस आणि रोज व्यायाम करणारी ५५ किलोची तरुणी यांच्यात या नियमाने लावलेला क्रम प्रत्यक्षात उलटाही असू शकतो.

स्त्रियांनी हलका बॉल घ्यावा, हा आपल्याकडचा सरसकट सल्लाही याच पठडीतला. २०१० मध्ये लास वेगासमध्ये झालेल्या ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम लढतीत केली क्युलिक हिने ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असे हरवले आणि पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतले विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. या खेळात पिनना टाकणाऱ्याचे वजनही कळत नाही आणि लिंगही.

नियमित खेळत नसलेल्या प्रौढाने रॅकवर १० किंवा ११ पौंडांपासून सुरुवात करावी आणि बांधा मजबूत असेल तर १२ किंवा १३ पाहावा. चार-पाच फेकी टाकून एकेक पौंड वर जावे. ज्या वजनाला झोका बिघडतो, त्याच्या एक पौंड खाली थांबावे. खांद्याचे, कमरेचे किंवा मनगटाचे जुने दुखणे असेल तर आणखी खाली यायला हरकत नाही.

बॉल जड पडतोय की हलका, हे कसे ओळखायचे?

पहिल्या पाच फेकींत कळत नाही, ही यातली मेख आहे. ताज्या हाताला सगळेच पेलते. एका गेममध्ये कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त २१ फेकी होतात. हौशी खेळाडू १८-२० पर्यंत जातो. तीन गेम म्हणजे ६० च्या आसपास फेकी. १५ पौंडी बॉलने खेळल्यास उजव्या हाताने तासा-दीड तासात सुमारे ४०० किलो वजन उचलले, असा त्याचा अर्थ. १२ पौंडी बॉलने हेच ओझे ८० किलोंनी कमी होते. तेव्हा वजनाची परीक्षा तिसऱ्या गेममध्ये घ्यावी. पडद्यावरचा वेगाचा आकडा इथे खरोखर कामाचा आहे. पहिल्या पाच फेकींचे आकडे फोनमध्ये टिपून ठेवा आणि शेवटच्या पाचांशी ताडून पाहा. वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने पडला असेल तर बॉल एक पौंड जड आहे, असे समजायला हरकत नाही.

सोबतच्या मित्राला मागून पाहायला सांगितले तर आणखी खुणा सापडतात. बॉल मागे नेताना खांदा त्याच्या बाजूला कलतो का, फेकल्यावर शरीर तोल सावरण्यासाठी पाऊल टाकते का, बॉल फाऊल लाइनच्या आधीच हातातून निसटतो का? यापैकी काहीही दिसले तर वजन जास्त आहे. हात वेड्यावाकड्या वाटेने जातो, बॉल दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि पॉकेटमध्ये लागूनही पाचवी पिन उभी राहते, असे वारंवार होत असेल तर एक पौंड वर जाऊन पाहावे.

वजन बरोबर असूनही हात का दुखतो?

बहुतेक वेळा भोकांमुळे. मॉलमधल्या बॉलमध्ये वजन आणि भोकांचा आकार यांची सांगड घातलेली असते. हलक्या बॉलची भोके लहान आणि जवळ, जड बॉलची मोठी आणि लांब. जाड बोटांच्या पण अशक्त खांद्याच्या माणसाची इथे अडचण होते. त्याचा अंगठा १० पौंडी बॉलमध्ये जात नाही आणि १४ पौंडी बॉल त्याला पेलवत नाही. उलट सडपातळ बोटांच्या खेळाडूला जड बॉल घट्ट आवळून धरावा लागतो.

अंगठा भोकात पूर्ण जावा, कडेला हलका स्पर्श व्हावा आणि तो अडकल्याशिवाय बाहेर यावा. मग मधले बोट आणि अनामिका भोकांवर पसरून पाहावी. त्यांच्या दुसऱ्या पेरांच्या रेषा भोकाच्या जवळच्या कडेच्या थोड्या पुढे, पाव इंचाच्या आसपास आल्या तर अंतर योग्य आहे. तळहात आणि बॉल यांच्यात मोठी पोकळी राहत असेल किंवा हात ताणला जात असेल तर तो बॉल परत ठेवावा. अंगठा सैल असला की बोटे नकळत बॉल आवळतात आणि बरोबर वजनाचा बॉलही दोन पौंड जड वाटू लागतो. रॅकवर एकाच वजनाचे चार-पाच बॉल असतात आणि त्यांच्या भोकांत फरक असतो. रंगाचा मोह सोडून ते सगळे हाताळून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

या आवळण्यातून होणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘बोलर्स थम्ब’ असे नाव आहे. अंगठ्याच्या तर्जनीकडील बाजूने जाणारी चेतातंतूची बारीक शाखा भोकाच्या कडेवर पुन:पुन्हा दाबली जाते. तिच्याभोवती जाडसर ऊतक वाढते, तिथे गाठ हाताला लागते आणि अंगठ्याच्या टोकाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा येतो. वर्षातून दोनदा खेळणाऱ्याला याची भीती बाळगायचे कारण नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याने मात्र मुंग्या येऊ लागल्या की खेळ थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. बॉल परत येण्याच्या यंत्रावरून तो उचलतानाही काळजी हवी. दोन्ही हातांनी, बाजूने उचलावा. मागून येणारा दुसरा बॉल आणि आपली बोटे यांची गाठ पडली तर वजन कितीचे होते, हा प्रश्न गौण ठरतो.

मुलांसाठी कोणते वजन योग्य?

‘जितके वय तितके पौंड’ असा एक नियम ऐकू येतो. आठ वर्षांच्या किरकोळ मुलाला ८ पौंडी बॉल, म्हणजे साडेतीन किलोंपेक्षा जास्त वजन, एका हाताने झुलवता येईलच असे नाही. लहान मुलांच्या बाबतीत झोक्याचा विचार बाजूला ठेवून बॉल पायावर न पाडता लेनपर्यंत नेता येतो का, एवढेच पाहावे. ६ पौंडी बॉल, जमत नसेल तर बॉल सोडण्यासाठी मिळणारी उतरती घोडी आणि गटरच्या कडेला उभे केलेले कठडे, एवढे पुरेसे असते. घोडीवरून सोडताना तर वजन पेलण्याचा प्रश्नच येत नाही.

मूल दोन्ही हातांनी बॉल टाकत असेल तर त्याला लगेच टोकू नये. ऑस्ट्रेलियातील ऑरेंज गावचा जेसन बेलमोंटे अगदी तान्ह्या वयात आई-वडिलांच्या बॉलिंग सेंटरमध्ये खेळू लागला. बॉल एका हाताने उचलत नसल्याने तो दोन्ही हातांनी टाकायचा आणि मोठा झाल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. सुरुवातीला त्याची शैली अनेकांनी नावे ठेवण्याजोगी मानली. त्याच शैलीने त्याने पुढे १५ मेजर विजेतेपदांचा विक्रम केला. आज जगभरची तरुण पिढी दोन हातांनी बॉल टाकायला शिकते आहे.

स्वत:चा बॉल घेताना काय पाहावे?

बॉलिंग आशियाई क्रीडा स्पर्धांत १९७८ मध्ये बँकॉक इथे प्रथम खेळले गेले. आपल्याकडे अजून त्याची ओळख मॉलमधली करमणूक एवढीच आहे. पण नियमित खेळणाऱ्यांची संख्या असलेल्या शहरांत स्वत:चा बॉल घेण्याचा विचार अनेक जण करू लागतात. हात मोजून पाडलेल्या भोकांचा बॉल आवळावा लागत नाही. त्यामुळे मॉलमधला १२ पौंडी बॉल सहज टाकणाऱ्याला स्वत:चा १३ किंवा १४ पौंडी बॉल तितकाच हलका वाटू शकतो. एक-दोन पौंड वर जाण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळे. उत्साहाच्या भरात थेट १६ वर उडी मारणारेही असतात. भोके चुकली तर ती बुजवून पुन्हा पाडता येतात, वजन मात्र उतरवता येत नाही आणि काही हजार रुपयांचा बॉल कपाटात पडून राहतो.

घेण्याआधी आतला भराव कोणता, हेही विचारावे. एकाच नावाच्या बॉलचा कोअर १४, १५ आणि १६ पौंडांत सहसा सारखा असतो. त्याहून हलक्या वजनात अनेक कंपन्या साधा कोअर घालतात. मग जाहिरातीत दाखवलेले वळण १२ पौंडी बॉलमध्ये तसेच मिळेल याची खात्री राहत नाही. दहावी किंवा सातवी पिन एकटी उरल्यावर सरळ टाकण्यासाठी प्लास्टिकचा दुसरा बॉल घेणार असाल तर तोही पहिल्याच वजनाचा घ्यावा, म्हणजे हाताला झोका दोनदा शिकावा लागत नाही. आणि दुकानात बॉल हातात तोलून पाहायचा असेल, तर तो दोन-तीन गेम खेळून झाल्यावर, दमलेल्या हाताने तोलून पाहावा.